बबाईला काय लागतं?

नोनोउती बेटावरच्या शाळेत रोतियाबाईंची नोकरी त्या एका तासावर कायम व्हायची होती. मागे चटईवर तपासणीचे साहेब वही उघडून बसले होते. बाईंनी राजधानीत शिकून आणलेला प्रश्न टाकला, "रोप वाढायला काय काय लागतं?"

सव्वीस पोरं, पण एकाचंही तोंड उघडेना. बाईंनी सोपं करून विचारलं, "घरामागच्या खड्ड्यात बबाईचे कंद लावता ना? त्यांना काय घालता?" तशी पोरं एकमेकांकडे चोरून बघत आणखीच गप्प झाली.

"लग्नात ताटभर बबाई चापता, आणि ती वाढते कशी ते ठाऊक नाही? दगड आहात नुसते," बाई कडाडल्या. साहेब 'वर्ग कच्चा' असा शेरा मारून गेले. नोकरी वर्षभर लांबली.

मग वर्गातली तेरेतिया जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, ठाऊक सगळ्यांना आहे. पण खड्ड्यात काय घालतो ते परक्या घरात कळू द्यायचं नाही, असं आजोबांनी बजावलंय. आणि तुम्ही तर आमच्या शेजारच्या घरातल्या बिरीतोसमोर विचारलंत."

दहाव्या वर्षी शिकायला गेलेल्या बाई नेमकं हेच विसरून आल्या होत्या. घरी येऊन त्यांनी स्वतःलाच चार शिव्या घातल्या आणि वडिलांना विचारलं, "आबा, आपण काय घालतो हो आपल्या बबाईला?"

आबा जाळं विणत राहिले.



"ते धाकटीला सांगून ठेवलंय. तू काय, उद्या फळ्यावर लिहिशील."