कोड बाबांच्या फोनवर

"आई, पगार तुझा, खातं तुझं, मग ओटीपी बाबांच्या फोनवर का येतो?"

सीमंतिनी हे विचारूच शकणार नाही, अशी प्रांजली आणि हर्षिता या मैत्रिणींची पैज होती. आता विचारून झालं होतं, आणि आई शांतपणे गवार निवडत होती.

"असू दे गं. कुठेही आला तरी कोडच तो."

बाबा दिवाळीनंतर सराफा बाजाराजवळ खोली घेऊन राहायला गेले होते. भांडण कशावरून झालं, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. हरिशंकरपुरमच्या घरात बाबांचा आवाज यायचा तो फक्त कोडपुरता. आई ऑनलाइन काहीतरी मागवायची. कोथिंबीर, खोडरबर, एकदा तर नुसती लिंबं. मग बाबांना फोन. बाबा सहा आकडे सावकाश सांगायचे, वर पुन्हा एकदा सांगायचे. तेवढ्यात कोडची वेळ संपायची. "पुन्हा पाठवते," आई म्हणायची.

सगळं एकदम का नाही मागवत, तर म्हणे लक्षात राहत नाही. आणि ही शाळेत गणित शिकवते.

सायबर सुरक्षेचा तास झाल्यापासून सीमंतिनी घरात कुणाचं ऐकून घेत नव्हती. ज्याचं खातं, कोड त्याच्याच हातात, बस. दुसऱ्याला सांगायचाच कशाला? मैत्रिणी तर सरळ म्हणाल्या होत्या, तेरे पापा घर छोड़कर भी कंट्रोल नहीं छोड़ रहे. ते तिला फार लागलं होतं. आईला कुणापुढे असं आकड्यांसाठी थांबावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

शाळेला सुट्टी मिळताच ती आईला जवळजवळ ओढतच महाराज बाडा चौकातल्या बँकेत घेऊन गेली. काउंटरवरच्या शामलाताई आईकडे बघून ओळखीचं हसल्या. आई पंख्याकडे बघायला लागली.

"आईचा मोबाईल नंबर बदलायचाय," सीमंतिनीनेच सांगून टाकलं.

त्यासाठीही सध्याच्या नंबरवर, म्हणजे बाबांच्याच फोनवर कोड जाणार होता. आईने बाबांना फोन लावला. या वेळी त्यांनी आकडे सांगितलेच नाहीत. जवळच आहे, येतो, म्हणाले. आणि आलेही, चुरगळलेल्या शर्टात, फोन हातात घट्ट धरून.

"बदलायचाच आहे का?" त्यांनी आईला विचारलं.

"हिचं म्हणणं आहे."

बाबांनी फोन काउंटरवर ठेवला. "बरोबर आहे तिचं. मग आता फोन करायला नको तुला."

शामलाताईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"पण मॅडम, आधी तुमचाच तर नंबर होता. दिवाळीनंतर तुम्हीच येऊन सरांचा टाकून घेतलात. मी म्हटलं पण, असं उलटं कशाला? आणि सर, नव्या नंबरच्या खात्रीसाठी तुमच्याकडे कोड आला, तो तुम्हीसुद्धा फोनवर लगेच सांगून टाकलात. कशासाठी ते विचारलंही नाहीत."

बाबा आईकडे बघत होते. आई हातातल्या टोकनकडे. काउंटरवरच्या फोनमधल्या कोडची वेळ केव्हाच संपून गेली होती.

सीमंतिनीने तो फोन उचलला.

"आई, बाबा, माझं ठरलंय," ती म्हणाली. "नंबर हाच राहील. फोन मात्र आजपासून हरिशंकरपुरमला राहील, बाबांसकट."