अहवालात नसलेला बिबट्या

सरकारी रस्ता डोंगर फोडून न्यायचा ठरला, तेव्हा पर्यावरणाच्या कायद्याप्रमाणे तलासरीत जनसुनावणी ठेवली गेली. पाड्यावरची शुक्री शेळ्या शेजारणीकडे सोपवून आली आणि माईकसमोर उभी राहिली.

"साहेब, त्या डोंगरात बिबट्या राहतो. माझ्या दोन शेळ्या त्यानंच नेल्या. डोंगर फोडलात तर तो जाईल कुठं? आमच्या पाड्यातच ना?"

साहेबांनी समोरचा जाडजूड अहवाल चाळला. "बाई, तज्ज्ञांनी पाहणी केलीय. त्या डोंगरात बिबट्या नाही."

"मग दर वाघबारशीला, वाघ-बिबट्याच्या सणाला, आम्ही नारळ कुणासाठी फोडतो?"

पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी हसली. 'श्रद्धेचा विषय' असा शेरा मारून साहेबांनी तिची हरकत निकालात काढली आणि चहा मागवला.

वर्षाच्या आत मंजुरी आली, डोंगराला तारेचं कुंपण पडलं. शुक्री नेहमीच्या वाटेनं शेळ्या चारायला निघाली, तर वाटेवर लोखंडी गेट, आणि गेटवर वॉचमनच्या कपड्यांत तिच्याच पाड्यावरचा नविन.

"काकी, शेळ्या माघारी ने. आत कुणाला सोडायचं नाय."

"का रं? डोंगर काय त्यांच्या बापाचा हाय?"

नविननं वर बोट दाखवलं. गेटवर नवीकोरी पाटी होती. शुक्रीला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंच ती हळू आवाजात वाचून दाखवली.



"सावधान. प्रकल्पाच्या हद्दीत बिबट्याचा वावर आहे. ग्रामस्थांना प्रवेश बंद."