चाकांवरचं घर आणि गोजरबाईचा अबोला

“कुनी खरं मानणार न्हाई,” आसाराम म्हणाला, “पर त्या मुलखात दसऱ्याच्या सुमाराला समदी झाडं तांबडी व्हत्यात. बुडापासनं शेंड्यापत्तुर. मला वाटलं, डोंगर पेटला. बादली घिऊनच उतरलो गाडीतनं.”

अंगणात माघातल्या सकाळचं ऊन होतं. ऊन खायला जमलेली सातआठ माणसं हसली. उंबऱ्याशी आसारामची बायको गोजरबाई सुपात बाजरी पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही.

तिने नवऱ्याशी बोलणं सोडलं होतं आणि त्याला कारणही तसंच होतं. गेल्या वैशाखात सोनईच्या रस्त्यावर एका गोऱ्या जोडप्याची मोटार बंद पडली. मोटार कसली, चाकांवरचं घरच ते. आत शेगडी, पलंग, खिडक्यांना पडदे. ट्रॅक्टर हाकणाऱ्या आसारामने गाडीखालचा तुटलेला पाटा साखळीने आवळून दिला. “ह्यांना नगरपत्तुर वाट दावतो, दिवस मावळायच्या आत येतो,” एवढं सांगून तो त्या घरात चढला. जाताना त्याला सगळ्या वस्तीने पाहिलं. परत आला तो पौषात. मधले आठ महिने तो कुठे होता हे त्यालाच ठाऊक. तो म्हणायचा, युरोपात.

आल्या दिवसापासून गोजरबाई त्याला जे सांगायचं ते म्हशीला सांगायची. “चांदे, पानी तापलंय म्हनावं.” “चांदे, ताट झाकून ठिवलंय.” म्हैस रवंथ करायची आणि आसाराम मुकाट्याने उठून आंघोळीला जायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने नगरहून जरीकाठी पातळ आणलं. ते तिने म्हशीच्या पाठीवर पांघरलं. थंडीचे दिवस होते, म्हशीने नको म्हटलं नाही.

मग त्याने गोष्टी सुरू केल्या. रोज सकाळी, याच अंगणात, उंबऱ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात.

“देश लई बारकं तिकडचं,” आज तो सांगत होता. “आपल्या वावरावानी. जेवाया बसलो एका राज्यात, हात धुतलं दुसऱ्यात. बांध वलांडला की भाषा बदलली.”

“मग बांधावरनं भांडनं व्हत नसत्याल का, बापू?” काकासाहेबाने विचारलं. हातभर बांधासाठी सख्ख्या भावाशी त्याची कोर्टात तारीख चालू होती.

“झाली की दोन. महायुद्ध म्हनत्यात त्येला.”

अंगण हसून लोळलं. सूप चालूच होतं.

“अन् त्या तांबड्या पानांचं पुढं काय व्हतं?” भिमाजीने विचारलं.

“गळत्यात. मग सरकारी मानूस येतो गोळा कराया. पगारी.”

“हे काय पटत न्हाई बुवा,” भिमाजी म्हणाला. “पाला गोळा करायला पगार? बाकी झाडं तांबडी करा न्हाईतर निळी करा.”

आसारामचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तो उंबऱ्याकडे बघत होता. पाखडलेली बाजरी एकसारखी पाटीत पडत होती. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“बरं, ऱ्हाऊ द्या पाला,” तो म्हणाला. “खायाचं सांगतो. त्यांच्या त्या पावाला मी पार कट्टाळलो. मडमीला म्हनलं, बाई, सर बाजूला. अन् त्या पळत्या घरात मी सवता भाकरी केली.”

“बाजरी कुठनं आनली?”

“तिकडं पाखराच्या चाऱ्याच्या दुकानात मिळती. मडमीच्या कॉफीच्या यंत्रात दळली.” त्याने घसा साफ केला. “पीठ भिजवलं गार पान्यात.”

सूप मंदावलं.

“मग बाटलीनं लाटली.”

सूप थांबलं.

“अन् वरनं पानी-बिनी न फिरवता तशीच तव्यावर टाकली,” आसाराम अगदी सावकाश म्हणाला. “असा पदर सुटला, अशी टम्म फुगली, की मडमीनं टाळ्याच वाजवल्या.”

बाप्यांनी माना डोलावल्या. पाल्याचा पगार त्यांना पटला नव्हता. हे पटलं. त्यांच्यातल्या एकानेही जन्मात परातीला हात लावला नव्हता.

सूप खाली आपटलं. बाजरी अंगणभर सांडली.

“खोटं,” गोजरबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती आणि म्हशीकडे नाही, सरळ नवऱ्याकडे बघत होती. “धडधडीत खोटं बोलताय तुमी. गार पान्याची बाजरी, वर लाटलेली, त्यावर पान्याचा हात न्हाई, अन् पदर सुटला? चिरा पडून तव्यावरच चार तुकडं झालं असत्याल. तीस वरसं माझ्या हातची खाताय, ती फुगती कशी ते कदी मान वर करून बघितलंय का? कुनाला सांगताय?”



“मग पुढं काय झालं, बापू?” काकासाहेबाने हळूच विचारलं.

“पुढं काय न्हाई. जावा आता घरला.” आसाराम सांडलेली बाजरी वेचायला खाली बसला. “सव्वीस दिस झालं थापा मारतोय. आज कुठं हिनं एक धरली.”