डोळ्याखालचा डाग

लेक बॅग घेऊन एकटीच माहेरी आली, तेव्हा डोळ्याखालचा काळानिळा डाग तिने मुद्दाम झाकला नव्हता. आईने तो बघावा आणि "आता परत जायचं नाही" असं म्हणावं, एवढ्यासाठीच ती आली होती.

"जावईबापू कुठे राहिले?" बाबांनी वर्तमानपत्राआडूनच विचारलं.

"येतील मागून," आईने परस्पर सांगून टाकलं आणि लेकीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"त्यानेच ना?"

"मग काय दार लागलं म्हणून सांगू? बाबांनी कधी तुझ्या अंगाला बोट तरी लावलं का गं? मग मीच का सोसायचं?" आईच्या चेहऱ्यावर साधा ओरखडासुद्धा तिने जन्मात पाहिला नव्हता.

पिठाच्या डब्यामागे हात घालून आईने कातडीच्या रंगाच्या क्रीमची अर्धीअधिक पिळलेली ट्यूब काढली आणि बोटाच्या टोकाने अलगद लेकीच्या डागावर लावली. डाग दिसेनासा झाला.



"हीच घेत जा. रंग माझ्यावरच गेलाय तुझा. इतकी वर्षं तुलासुद्धा कुठे कळलं?"