मुदतवाढ

"मॅडम, आज तरी पुसून टाका हो मला!" रेकॉर्ड रूममधल्या स्पीकरच्या जाळीतून दिघेसाहेबांचा आवाज आला.

गावाला इशारा न देता धरणाचे दरवाजे उघडणारे हे अभियंता वारले, तेव्हा चौकशीसाठी त्यांची स्मृती यंत्रात उतरवून सरकारी दस्तऐवज म्हणून जपण्यात आली. जपायची मुदत कधीच सरली होती. नष्ट करायच्या आदेशावर सही करायला रेकॉर्ड अधिकारी रेवतीनं पेन उघडलं, तोच काठी टेकत कौसाबाई आत आल्या. दरसालसारखा माहितीचा अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला. वर्षभरात कुणी एकदा जरी माहिती मागितली, तरी दस्तऐवज नष्ट करता येत नाही, हा नियम त्यांना पाठ होता.

"आजी, सोडा आता त्यांना," रेवती कळवळून म्हणाली. "तेही माणूसच होते."

"माझी पोरं बी माणसंच होती." कौसाबाई जाळीकडे वळल्या. "सांगा सायब, पाणी गावात शिरलं तवा काय काय ऐकू आलं?"

दस्तऐवजाला नाही म्हणता येत नाही. साहेब पहिल्या किंकाळीपासून सांगू लागले. रेवतीनं कान झाकून घेतले.

सगळं ऐकून झाल्यावर कौसाबाई कशाबशा उठल्या. "आता जिना चढवत नाही, सायब."

"म्हणजे... संपलं?" जाळीतून आशेनं विचारणा झाली.

"पुढच्या सालापासनं नात येईल."