दमाने सरांची तोंडी परीक्षा

खडू कुठेच सापडत नव्हता. सरांनी टेबलाचे खण उघडले, फळ्याखालची पट्टी चाचपली, खिडकीचा कट्टाही पाहिला. शेवटी मुलीने हळूच बोट दाखवलं. खडू त्यांच्याच डाव्या हातात होता.

"घ्या!" सर हसले. "असला माणूस तुझी परीक्षा घेणार."

गणिताच्या प्राध्यापकांना विसराळूपणाची सूट असतेच, आणि सरांनी ती आयुष्यभर दोन्ही हातांनी वापरली होती. एकदा ते भलत्याच कुणाची छत्री घरी घेऊन गेले आणि आपलीच समजून ती दुरुस्तही करून आणली. मुलं त्यांना दमाने सर म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं. पण प्रूफ लिहिताना कुणी घाई केली की ते "दमानं, दमानं" म्हणत, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं.

विभागप्रमुख बाईंनी मुलीला दारापर्यंत आणून सोडलं होतं. "लिनिअर अल्जिब्रात दोनदा राहिलीये, सर. ही शेवटची संधी. तोंडीच घ्या तिची. मी आत बसले तर हातपाय गळतील तिचे." एवढं बोलून त्या निघून गेल्या होत्या.

 या खोलीत आज जे होईल त्यावर मुलीचं पुढचं सगळं ठरणार होतं. वडील घरी बसल्यापासून सगळं घर तिच्याकडे डोळे लावून होतं. आई फोनवर दुसरं काही बोलत नसे. "काही कळलं का गं?" एवढंच.

"बाकीच्या मुलांपेक्षा थोराड दिसतेस," सर म्हणाले आणि लगेच ओशाळले. "दोनदा राहिलं की तेवढं व्हायचंच म्हणा. कुणाकडे शिकलीस?"

"तुमच्याकडेच, सर. मागच्या बाकावर बसायचे."

"माझ्याकडे शिकून राहिलीस?" सरांचा चेहरा उतरला. "मग शिकवण्यातच काहीतरी कमी पडलं असणार. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मुलीने मान खाली घातली. या माणसाने रागावायला हवं होतं, म्हणजे बरं पडलं असतं.

सरांनी खडू तिच्या हातात दिला. "एकच विचारतो. प्रत्येक चौरस मॅट्रिक्स स्वतःच्याच समीकरणात बसते. समीकरणात अज्ञाताच्या जागी तीच मॅट्रिक्स घातली की उत्तर शून्य येतं. का येतं, ते सिद्ध कर. दमानं कर. घाई नाही."

हाच प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. सर तोंडी परीक्षेत दुसरं काही विचारतच नसत. तिने पहिल्या ओळीत समीकरण मांडलं. त्यात लॅम्डा हा साधा आकडा. दुसऱ्या ओळीत त्या लॅम्डाच्या जागी तिने सरळ A ही मॅट्रिक्स, आकड्यांची अख्खी चौकट, ठेवली. A वजा A, शून्य. शून्याचा डिटरमिनंट शून्य. झालं. तिने खडू ठेवला आणि ओढणीला हात पुसले.

सर फळ्याजवळ गेले. एकेका ओळीवरून बोट फिरवत त्यांनी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीपाशी बोट थांबलं. मुलगी जागच्या जागी ताठ झाली.

बोट पुढे सरकलं.

"सुंदर," सर म्हणाले. "इतकं आटोपशीर प्रूफ फार दिवसांत पाहिलं नाही. पैकीच्या पैकी."

मुलीचे डोळे भरून आले.

"अगं, रडतेस काय वेडे? पास झालीस तू!"

"सर, परत एकदा बघता का? कुठे चुकलं असेल तर..."

सर मनापासून हसले. "इतकी वर्षं परीक्षा घेतोय. पास झाल्यावर परत तपासा म्हणणारी तू पहिलीच." त्यांनी डस्टर घेतलं आणि सगळा फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसला. पुढच्या माणसाला कोरा फळा मिळाला पाहिजे, हा त्यांचा शिरस्ता होता.

"एक सांगू?" पाठमोरेच ते म्हणाले. "आमची ही गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. सकाळी वर्ग असतो म्हणून मी दाढी करतो, शर्टाला इस्त्री करतो. मुलं शंका विचारतात तेव्हा माणसात असल्यासारखं वाटतं. तेव्हा राहिलीस म्हणून लाजायचं नाही. शंका आली की ये. मी इथेच असतो."

तिने वाकून नमस्कार केला आणि बाहेर आली. पाय चालत होते, पण तिचं कशाकडे लक्ष नव्हतं.

जिन्यापाशी विभागप्रमुख बाई वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुला नापास विद्यार्थिनी म्हणून आत पाठवताना मलाही जिवावर आलं होतं गं. पण मुलांच्या तक्रारी येताहेत, खात्री करून घ्यायलाच हवी होती. आकड्याच्या जागी मॅट्रिक्स घालायची चूक तर ते स्वतः दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवायचे, 'असं कधी करू नका' म्हणून. ती त्यांना दिसली नसेल, तर त्यांना आता घरी बसवावं लागेल. सोमवारपासून वर्ग तुझा, आणि तुझी तासिकेवरची नेमणूकही कायमची. तेव्हा खरं काय ते सांग. धरली त्यांनी चूक?"

मुलीने डोळे पुसले.

"धरली, मॅडम," ती म्हणाली. "मला पुढे लिहूच दिलं नाही."