दीडपट वजनाची चाचणी

आजोबांची सारी नोकरी कारखान्यांतले बॉयलर तपासण्यात गेली. दीडपट भार सोसेल तीच वस्तू पास, हा तिथला शिरस्ता त्यांनी घरीही सोडला नाही. आता नातवाच्या दीडपट वजनाचं घरात कुणी नव्हतं. सातपट वजनाचे आजोबा होते. पाळणा त्यांनी स्वतः आत झोपून तपासला होता. त्यानंतर नवा पाळणा आणावा लागला, ही गोष्ट निराळी.

त्या दिवशी सून दीड वर्षाच्या पोराला पहिल्यांदाच त्यांच्या भरवशावर सोडून कामावर निघाली. "संध्याकाळी याच्या अंगावर एक जरी ओरखडा दिसला ना बाबा, तर उद्यापासून पाळणाघर."

दार लागताच आजोबांनी बाळाला भरवायची नवीकोरी उंच खुर्ची तपासायला घेतली. श्वास ओढून ते आत शिरले, लाळेरं बांधलं, पट्टे आवळले, पुढचा ट्रे खटकन बसवला. खुर्ची हूं की चूं करीना. ट्रेचा खटका मात्र पार खाली होता, बसणाऱ्याचा हात पोचू नये असा. आजोबांचाही पोचेना.

सून परतली तेव्हा ट्रेवर बिस्किटांचा चुरा होता आणि नातू टाचा उंचावून आजोबांना पुढचा तुकडा भरवत होता. दिवसभर तो खुर्चीपासून हलला नव्हता. तिनं त्याला टाळूपासून टाचेपर्यंत तपासलं. ओरखडा नाही.

"अगं, आधी मला काढ," आजोबा कळवळले.

तिनं ट्रे दोनदा ओढून पाहिला. पक्का होता.

"काढते, बाबा. उद्या मात्र मी निघायच्या आत परत बसायचं."